दहावे नाव

दि. ३ जून, मंगळवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून नोकरी. मंगळवार पेठेतील एका लहानशा संस्थेत माझी 'प्रस्ताव-लेखिका' या पदावर नेमणूक झाली आहे. पदाचे नाव मीच सुचवले. संस्थेच्या प्रमुख धोंडुबाई (निवृत्त परिचारिका, सगळे आक्का म्हणतात) मला नुसतेच 'लिवणारी पोरगी' म्हणत होत्या.

काम असे: गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची सवय लागलेल्यांसाठी पेठेत उपचारकेंद्र काढायचे आहे. त्यासाठी पालिका अनुदान देते, मात्र प्रस्ताव उत्तम हवा. दहावीला मराठीत मी शाळेत पहिली होते. बी.ए.लाही प्रथम श्रेणी. तेव्हा ती चिंता नाही.

संकल्प: (१) प्रस्ताव एका महिन्यात पूर्ण. (२) परक्या माणसाशी बोलताना जमिनीकडे पाहायचे नाही. (३) निरीक्षण. लेखकाच्या नजरेतून काहीही निसटता कामा नये.

सोहेलभाईने या वहीच्या पानांत घालायला खूण करून दिली. तो माझा थोरला भाऊ. हुपरीला चांदीच्या पैंजणांच्या कारखान्यात डाख देतो, म्हणजे कड्या ज्योतीवर जोडतो. दिवसभर वाकून बसायचे काम. खूण म्हणजे कसल्याशा चंदेरी कागदाच्या सात बारीक कड्यांची साखळी. मागे इंग्रजी अक्षरे आहेत, ती वाचली नाहीत. म्हणाला, "घे मास्तरीणबाई, चांदीची न्हाय, पर माझ्या हातची हाय." देताना त्याची बोटे थरथरत होती. भावनावश झाला असावा.

दि. ७ जून, शनिवार

ईद. सोहेलभाई ताटावर बसल्या बसल्या झोपला. घास हातात. नाक व मान सारखी खाजवत होता. चांदीची धूळ त्वचेला सोसत नाही, हे मी अम्मीला समजावून सांगितले. अम्मीने त्याच्या हातातला घास काढून ताटात ठेवला.

कष्टकऱ्यांच्या झोपेविषयी एक ललित लेख लिहिता येईल.

दि. १२ जून, गुरुवार. सायंकाळी ६.१५

सर्वेक्षण पूर्ण. एकशे चाळीस घरे. प्रश्न मी स्वतः रचला: "आपल्या कुटुंबात अफूजन्य वेदनाशामकांच्या अधीनतेने ग्रस्त अशी कोणी व्यक्ती आहे काय?" प्रश्न निर्दोष आहे. कोणाचाही अपमान होत नाही.

उत्तर: सर्वत्र नाही. चिमणाबाई नावाच्या वृद्धा कडीला धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, काय इचारालीस तुझं तुला तरी कळतंय का?" मी प्रश्न पुन्हा वाचला. त्यांनी दार लावले.

आमच्या घराचा फॉर्म मीच भरला. नियमानुसार कुटुंबप्रमुखास विचारून भरायचा असतो. परंतु जिथे उत्तर ठाऊक आहे तिथे विचारणे हा कालापव्यय.

एकूण ग्रस्त व्यक्ती: शून्य. पेठेविषयी अभिमान वाटला.

दि. १३ जून, शुक्रवार

आक्कांना अभिमान वाटला नाही. म्हणाल्या, "शून्य? मग अनुदान कशाला, आरती करायला?" त्यांचे म्हणणे, तो प्रश्न नव्हेच, ती कोर्टाची नोटीस. घरात शिरायचे, पाणी मागायचे, आणि विचारायचे, "कंबर दुखती का हो कुणाची?"

हा प्रश्न शास्त्रीय नाही. तरीही वरिष्ठांचा मान राखून पुन्हा जाणार.

दि. १९ जून, गुरुवार

विलक्षण. त्याच घरांत, त्याच माणसांनी, कंबर म्हणताच फळीवरचे डबे उघडून दाखवले. डब्यांत गोळ्या. कोणाचा नवरा हमाल, कोणाची सून शिलाई मशीनवर. "आधी एक घ्यायचा, आता चार बिगर उठवत न्हाय." चिमणाबाईंनी तर नातवाला हाक मारून पुढे उभे केले आणि मला म्हणाल्या, "ह्येचं लिव. आणि त्या दिशी असंच सरळ इचारायचं हुतंस की गं!"

नियमाप्रमाणे आमच्याही घरी विचारले. अम्मी तांदूळ निवडत होती. मी म्हटले, कंबर दुखते का कुणाची? अम्मीने सूप खाली ठेवले. म्हणाली, "तुला म्हाईत हाय की."

नोंद केली: होय. सोहेल, वय २७. कारण: बैठे काम. उपाय: शेक.

दि. २७ जून, शुक्रवार. सकाळी ८.०५

काल आक्कांनी लक्षणे शिकवली. सुंदर अक्षरात उतरवून घेतली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अंगाला खाज. बोलता बोलता डुलकी. बद्धकोष्ठ. आणि गोळी मिळाली नाही तर जांभयांवर जांभया, नाक वाहणे, उकाड्यातही हुडहुडी. यादीला लय आहे. पाठ झाली.

घरगुती: माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडून रोज सकाळी ओरखडण्याचा आवाज येतो. खर्र, खर्र, मग बराच वेळ शांतता, इतकी की कान लावून ऐकावेसे वाटते. पलीकडे सोहेलभाईची खोली. उंदीर असणार. त्याला विचारले तर म्हणाला, "व्हय, मोठा हाय." पिंजरा आणला. आत भजे लावले.

साखळी आता वीतभर झाली आहे. दर रविवारी तो वही मागतो आणि नव्या कड्या जोडून देतो. एवढा व्याप असताना बहिणीच्या वाचनाची काळजी घेणारे भाऊ आता कुठे.

दि. ४ जुलै, शुक्रवार

संकल्पातील महिना काल संपला. प्रस्ताव अपूर्ण आहे, परंतु तो खोलवर जात असल्यामुळे अपूर्ण आहे.

अर्जात 'एक प्रातिनिधिक प्रकरण' मागितले आहे. ज्यांनी डबे दाखवले त्यांच्याविषयी लिहिणे मला प्रशस्त वाटेना. विश्वासाचा प्रश्न आहे. म्हणून पूर्णतः काल्पनिक तरुण निर्माण केला. नाव 'क्ष'. एका बैठकीत लिहून झाला, कोठेही खाडाखोड नाही. क्ष ताटावर झोपतो. क्ष जून महिन्यात स्वेटर घालून उंबऱ्यावर बसतो. क्षला बाथरूममध्ये तास लागतो आणि बाहेर आई इसबगोल घेऊन उभी असते. क्ष पूर्वी शीळ घालत जिना चढायचा. आता प्रत्येक पायरीवर थांबतो.

हे सर्व कोठून सुचले, मला सांगता येणार नाही. असा एकही माणूस मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. यालाच प्रतिभा म्हणत असावेत.

दि. ५ जुलै, शनिवार

आक्कांनी क्ष मोठ्याने वाचायला घेतला. अर्ध्यावर आवाज बंद. उरलेला मनात वाचला. चष्मा काढून म्हणाल्या, "ह्यो कोण गं?"

मी म्हटले, काल्पनिक.

"कुठं ऱ्हातो?"

कोठेच नाही, असे मी नम्रपणे सांगितले. आक्का बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी जमिनीकडे. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घरला जा, पोरी. आणि घरातल्या मानसांकडं जरा बघ."

थकलेली दिसत असेन. अर्धी रजा मिळाली. घरी येऊन वाचत पडले.

दि. ११ जुलै, शुक्रवार

क्षची प्रत टेबलावर राहिली होती. अम्मी जोडाक्षरांवर अडखळत वाचते, तरी दोन्ही पाने वाचली. नंतर दिवसभर जेवली नाही. शैलीचा एवढा परिणाम होईल अशी कल्पना नव्हती. पुढील वेळी थोडे सौम्य लिहावे.

संध्याकाळी भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, अम्मी म्हणाली, "लिवताना दिसतंय तुला सगळं."

मी आभार मानले.

दि. २१ जुलै, सोमवार. दुपारी १२.३०

लिहिणाऱ्यांना आपली पात्रे दिसू लागतात असे ऐकले होते. अनुभव येत आहे. गेल्या आठवड्यात स्टँडवर हुपरीच्या बसच्या मागच्या खिडकीत क्षची मान दिसली, काचेवर कलंडलेली. बस गेली. काल आमच्याच जिन्यावर, प्रत्येक पायरीला थांबणारी पावले. दार उघडले तर कोणी नाही, फक्त शेजारी सोहेलभाईच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज.

आज तर भर दुपारी, ऊन चटचटत असताना, क्ष आमच्या उंबऱ्यावर स्वेटर घालून बसला होता. डोके गुडघ्यांत. नाक वाहत होते. धीर करून जवळ गेले. तो सोहेलभाई निघाला. हुपरीला न जाता घरीच होता, सर्दी. जांभया देत म्हणाला, "का गं, भूत बघितल्यागत?" तोपर्यंत क्ष निघून गेला होता.

हात अजून गार आहेत. संकल्प: दुपारी उन्हातून चालायचे नाही.

पिंजऱ्यात उंदीर नाही. भजे वाळून लाकूड झाले आहे. आवाज मात्र चालू.

दि. ५ ऑगस्ट, मंगळवार

अनुदान समितीपुढे सुनावणी. मी बोलणार होते. भाषण पाठ होते. तोंड उघडले आणि 'माननीय' या शब्दानंतर पुढचे सगळे गेले. आक्का बोलल्या.

समितीतील डॉक्टरबाईंनी फक्त क्षचे पान बाजूला काढून ठेवले होते. मला विचारले, "हा मुलगा जिवंत आहे ना?"

मी म्हटले, तो प्रातिनिधिक आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "प्रातिनिधिक माणसाला खाट देता येत नाही, बाळ. नाव आणा. पहिली खाट याचीच."

अनुदान मंजूर, एका अटीवर: उपचार घेण्यास तयार असलेली दहा माणसे, नाव-पत्त्यासह, २९ ऑगस्टच्या आत. नऊ नाही, दहा. नियम छापील आहे आणि सर्वांना सारखा. केंद्र सुरू झाले तर दोन खाटा, डॉक्टर, औषधे, सगळे पेठेतच. न झाले तर पुढचा अर्ज एप्रिलमध्ये.

दहा म्हणजे काहीच नाही. आठवड्याभराचे काम.

नोंदणीचा फॉर्म मीच तयार केला. बारा प्रश्न. प्रश्न क्र. ७ विशेष जमला आहे: 'कुटुंबास ही बाब प्रथम केव्हा लक्षात आली? (दिनांक नमूद करावा. उत्तर अनिवार्य.)' आक्का म्हणाल्या, "तारीख कुणाला ठाव असती?" मी म्हटले, काळजीपूर्वक पाहणाऱ्यास ठाऊक असते.

दि. १४ ऑगस्ट, गुरुवार

नऊ नावे झाली. चिमणाबाईंच्या नातवाचे सर्वांत आधी. त्यांनी अंगठा इतका दाबून उठवला की खालच्या कागदावरही उमटला. प्रश्न क्र. ७ पाशी सर्व घरे अडखळतात. मी त्यांना थोडे रागावते. आपल्याच माणसाकडे इतके दुर्लक्ष?

आता एकच.

दि. २२ ऑगस्ट, शुक्रवार

दहाव्यासाठी कोडोलीला जाऊन आले. तिथला एक तरुण अशाच गोळ्या घेतो असे कळले होते. घर सापडले. दारात त्याची आई. मी आक्कांच्या पद्धतीने पाणी मागितले, कंबर विचारली. बाईंनी तांब्या दिला आणि आत बोट दाखवले. भिंतीवर फोटो, हार ताजा. "झोपंतच गेला. मला वाटलं दमलाय. लई उशीर केलासा, बाई."

तांब्या धरून तशीच उभी राहिले. फोटोतला तरुण हसत होता. अंगात स्वेटर.

नोंद करता आली नाही. फॉर्ममध्ये व्यक्ती हयात असणे आवश्यक आहे.

दि. २४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११.००

कोडोलीचा तो फोटो डोळ्यांपुढून हलत नाही. 'दमलाय' हा शब्दही. कोठेतरी ऐकल्यासारखा वाटतो.

सोहेलभाई साखळीसाठी वही घ्यायला आला. साखळी आता हातभर. वहीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबते. आज कड्या जोडेना. बोटे ऐकत नव्हती. म्हणाला, "दहावा गावला का?" मी म्हटले, गावेल. तो काही वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "माझं घाल."

मी हसले. तो हसला नाही. "खरंच सांगालोय, तहरीम. माझं नाव घाल."

तहरीम म्हणाला. मास्तरीण नाही.

मन भरून आले. संस्थेचे काम अडू नये म्हणून स्वतःच्या नावाला बट्टा लावून घ्यायला निघालेला भाऊ! परंतु तत्त्व ते तत्त्व. मी त्याला शांतपणे समजावले की खोटी नोंद करणे माझ्याने होणार नाही, आणि समितीची फसवणूक हा गुन्हा आहे. तो म्हणाला, "बरं." उठताना भिंतीला हात लावून उठला. दारापाशी थांबून म्हणाला, "तू हुशार हाईस म्हणून तुला सांगितलं."

अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केव्हापासून, कळले नाही.

दि. २९ ऑगस्ट, शुक्रवार. सायंकाळी ५.०५

मुदत संपली. नऊ फॉर्म सादर केले. सोबत चार पानी निवेदन जोडले: नऊ ही संख्या दहापासून गुणात्मकदृष्ट्या कशी भिन्न नाही. माझ्या आजवरच्या गद्यातील उत्तम नमुना. आक्कांनी न वाचताच सही केली आणि विचारले, "सोहेल कसा हाय?"

बरा आहे, असे सांगितले. चार दिवसांपासून हुपरीलाच मुक्कामाला आहे. दिवाळीचा माल आत्तापासून.

चार दिवस भिंतीपलीकडून आवाज नाही. उंदीर गेला बहुधा. पिंजऱ्याचा उपयोग झाला.

दि. ३० ऑगस्ट, शनिवार

दुपारी कारखान्याच्या मालकांचा, बाळासोंचा फोन. सोहेल उठंना. ओठ निळे. श्वास चालतोय, पर मोजत बसावं लागतंय.

दि. १ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ३.२०

सरकारी दवाखाना. जिवंत आहे. परवा इंजेक्शनाआधी डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या तेव्हा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. यादीतली ही पहिली ओळ.

डॉक्टरांनी विचारले, रोज किती गोळ्या? बाळासो म्हणाले, "कंबरंला दोनचार सगळीच खात्यात की, सायेब. पोरगं कामाचं लई चांगलं." अम्मीला आकडा ठाऊक नव्हता. तेवढाच ठाऊक नव्हता.

मी पिशवीतून ही वही काढली. खूण ओढून काढली. ती निघता निघेना, इतकी लांब. डॉक्टरांनी एक कडी उलगडून पालथी केली आणि मागची अक्षरे वाचली. मग दुसरी. मग परिचारिकेला खुर्ची आणायला सांगितली, मोजायला. एका गोळीच्या कागदाची एक कडी. कोणत्या रविवारी साखळी केवढी झाली, ते मला विचारत होते. मला सगळे सांगता येत होते. बोटभर, वीतभर, हातभर. मी लिहून ठेवले होते.

सोहेलभाई डोळे मिटून होता. म्हणाला, "वाचशील वाटलं हुतं."

दि. ३ सप्टेंबर, बुधवार

समितीचे पत्र. दहा नावांची अट पूर्ण न झाल्यामुळे अनुदान देता येत नाही. संस्थेने एप्रिलमध्ये पुन्हा अर्ज करावा. पत्राच्या खाली डॉक्टरबाईंनी पेनाने लिहिले होते: 'निवेदनाची भाषा फार चांगली आहे.'

पहिली खाट त्याचीच होती. चिमणाबाईंचा नातू अजून डब्यातल्याच गोळ्या घेतो.

घरी जाऊन पिंजरा काढून ठेवला. भिंतीला कान लावून बसले. काही ऐकू आले नाही. त्या शांततेत बसवेना.

दि. ५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी १०.१०

सोहेलभाईला आज सोडणार. पेठेत केंद्र नाही. आक्कांनी खटपट करून परजिल्ह्यातल्या एका केंद्राच्या प्रतीक्षायादीत त्याचे नाव घालायचे ठरवले आहे. सहा आठवडे म्हणतात. तोवर अम्मी, मी आणि आक्का पाळीपाळीने त्याच्याजवळ. मी कारखान्यात जाऊन त्याचा डबा, स्वेटर आणि उशीखालचे सगळे घेऊन आले. कोणाशी बोलताना जमिनीकडे पाहिले नाही.

त्या केंद्राला माहितीचा फॉर्म लागतो, कोणताही चालतो. आक्का म्हणाल्या, "तुझाच हाय की छापलेला, एक उरलाय." दहावा.

नाव लिहिले. वय लिहिले. नातेवाईक: बहीण. एकेक करत सहा झाले.

प्रश्न क्र. ७. दिनांक नमूद करावा. उत्तर अनिवार्य.

आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. कुणालाच येत न्हाई ते. मोकळं सोड."

मी वही उघडली. खूण आता दवाखान्याच्या फाइलीत आहे, त्यामुळे पान शोधावे लागेल असे वाटले होते. शोधावे लागले नाही. पहिलेच होते.

३ जून.